धारोष्ण दुधाचा मेसेज आणि त्यातली गफलत

"पिशवीचं दूध मेलेलं असतं, त्यातलं कॅल्शियम जळतं, वर रसायनं घालतात. गोठ्यातलं धारोष्ण, म्हणजे नुकतं काढलेलं कच्चं दूध प्या, डेंग्यूत बकरीचं कच्चं दूध द्या." नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज.

कॅल्शियम खनिज आहे, ते जळत नाही. पिशवीच्या दुधाचं पाश्चरायझेशन करतात, म्हणजे ते 72 अंश सेल्सिअसवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर अर्धा तास तापवतात. क आणि बी-1 जीवनसत्त्व थोडं घटतं. पण क जीवनसत्त्वासाठी दूध पितो कोण? शिवाय घरी आपण दूध त्याहून जास्तच तापवतो.

रसायन? पाश्चरायझेशनमध्ये फक्त उष्णता. तापमान घसरलं की व्हॉल्व्ह वळतो आणि दूध परत टाकीत जातं. नंतर फॉस्फटेज चाचणी. फॉस्फटेज हे कच्च्या दुधातलं विकर (एन्झाइम), उष्णतेला क्षयाच्या जंतूंपेक्षा किंचित चिवट. ते संपलं म्हणजे जंतूही गेले. चाचणीत नमुना पिवळा पडला तर ते शिल्लक आहे, म्हणजे तापवण्यात कसूर आहे किंवा कच्चं दूध मिसळलंय.

"आमची गाय धडधाकट, दूध फडक्यातून गाळतो." गाळल्याने केस आणि काडीकचरा निघतो, जंतू नाही. ब्रुसेला या जंतूची लागण झालेली गाय एकदा गाभडते, पुढे नीट विते, धडधाकट दिसते आणि दुधातून जंतू सोडत राहते. शेणातले जंतू सडावरून धारेत उतरतात ते वेगळेच.

बकरीच्या दुधाचा सल्ला सगळ्यांत घातक. शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला मेलिटेन्सिस माणसाला जास्त छळतो. लक्षणं बहुधा दोन ते चार आठवड्यांनी दिसतात: चढउताराचा ताप, रात्री घाम, कंबर-सांधे धरणं. तोवर डेंग्यू उतरलेला असतो, त्यामुळे दुधावर कुणाचा संशयच जात नाही. पुढे प्रतिजैविकं घ्यायची ती सहा-सहा आठवडे. आणि कच्च्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही. द्यायचंच तर उकळून द्या.

सिन्नर-निफाडकडचं सुटं दूध घेत असाल तर ढवळत तापवा. कडेने वर आलं म्हणजे मधलंही तेवढंच तापलं असं नाही. उकळी आल्यावर गॅस बारीक करून दोन मिनिटं ठेवा. थंड झालं की लगेच फ्रिजमध्ये.

पिशवीचं दूधही नासतं, हे मात्र खरं. पाश्चरायझेशनने रोगजंतू मरतात, नासवणारे काही उरतात. म्हणून ते 4 अंशांच्या आसपास ठेवायचं. एप्रिलमध्ये सकाळी आठपर्यंत दाराच्या कडीला लटकलेल्या पिशवीतलं दूध नासलं, तर तो पाश्चरायझेशनचा दोष नव्हे.