साहेब, बीपीची गोळी घेऊ का?

आज दुपारी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभी राहून मी एका मुलीवर ओरडले. जाणारे-येणारे वळून बघत होते. मुलगी फोनवर होती, माझ्या बँकेची. म्हणजे ती तसं म्हणत होती. साधा दहा आकडी मोबाईल नंबर. "मॅडम, तुमचं केवायसी ड्यू आहे, व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगा." मी म्हटलं, आधी तू बँकेची आहेस हे मला पटव. तर म्हणते, "मॅडम, आम्ही जेन्युइन आहोत."

जेन्युइन! तिथेच माझं डोकं सणकलं. बाबांना फोन करणाराही जेन्युइनच होता की.

जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना आज सांगते. २०२५ च्या मार्चमधली गोष्ट. आई दादाकडे पुण्याला गेली होती, बाबा कन्नमवार नगरच्या घरी एकटे. फोन आला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, समोर खाकीतला माणूस, मागे बोर्ड. फोन ठेवायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. यालाच डिजिटल अरेस्ट म्हणतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माझा बाप पाच तास खुर्चीवर बसून होता. पोलीस बघतायत म्हणून आधी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला. आणि दुपारी त्या माणसाला विचारलं, "साहेब, बीपीची गोळी घेऊ का?"

पैसे गेले ते गेले. ३ लाख ८० हजार, एफडी मोडून. पण त्या गोळीचं आठवलं की अजून घशात काहीतरी अडकतं.

आता "शिकलेली माणसं कशी काय फसतात बुवा" असं लिहिणाऱ्यांसाठी. (काल एका ग्रुपवर हसण्याच्या इमोजीसकट वाचलं. लिहिणारा इथे आहे, वाचतोय.) माझे बाबा एकतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होते. खोटी नोट बोटांना कळायची त्यांच्या, बघायची गरज नसे. संध्याकाळच्या गर्दीत कोणी तिकीट काढलं नाही ते मागच्या दारातून ओळखायचे. असा माणूस बावळट नसतो.

मग फसले कसे? मला ते खूप नंतर उमगलं, त्यांच्याच एका वाक्यातून. म्हणाले, "अगं, चेकर चढला की बॅग आणि वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुढे ठेवायचं. वाद घालायचा नाही. हिशेब जुळला की तो उतरतो." तो खाकीवाला हेच तर म्हणत होता! पैसे तपासणीसाठी आमच्या खात्यात टाका, हिशेब जुळला की परत. बाबांनी वेबिल पुढे ठेवलं. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसानं एकतीस वर्षं जे केलं, तेच केलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं, डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही, थांबा, विचार करा, मग कृती करा. बाबांनी ते ऐकलं होतं, बरं का. मी विचारलं तर म्हणाले, "ते खोट्या पोलिसांबद्दल होतं. हा खरा वाटला."

काय बोलणार यावर?

आणि खरं-खोटं ओळखायचं तरी कशावरून? सगळ्या खऱ्या लोकांनी खोट्यांसारखंच वागायचं ठरवलंय. बँक मेसेज पाठवते, ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि दारातला डिलिव्हरीवाला घाम पुसत म्हणतो, मॅडम, ओटीपी बोला. केमिस्टकडे दहा रुपयांच्या गोळ्या घेतल्या तरी "मोबाईल नंबर?" लॉजवर जा, कुठेही जा, आधारची झेरॉक्स द्या. कोणी कारण सांगत नाही, आपणही विचारत नाही. मागे मी एका दुकानात विचारलं, नंबर कशाला हवा? रांगेतले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच चोर. दिवसातून दहा वेळा निमूट माहिती द्यायची सवय लावायची आणि अकराव्या वेळी दिली की म्हणायचं, सावध राहायला नको का!

बाबा फसले तेव्हा तर कोणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीपासून सावध राहा असं भाषण लागायचं. हे कळल्यावर मी रडत दादाला फोन लावला, तेव्हाही आधी तेच ऐकलं.

हो, यूपीआय चांगलं आहे. मान्य. आमच्या मार्केटमधली कोळीण मावशी सुट्ट्यांची कटकट गेली म्हणून खूश आहे, मीही रोज तेच वापरते. पुढे.

त्या दिवशी बाबा बँकेत गेले तेव्हा फोन चालूच होता, शर्टाच्या खिशात. त्याच इस्त्रीच्या शर्टाच्या. म्हातारा माणूस एकटा येतो, एफडी मोडतो, हात थरथरत आरटीजीएसचा फॉर्म भरतो, अनोळखी खात्यात सगळं टाकतो. ज्या बाबांना साधा पत्ता बदलायला तिथे तीन खेपा घालायला लावल्या होत्या, त्यांचं हे काम पंधरा मिनिटांत झालं. काउंटरवरच्या कोणीही मान वर करून विचारलं नाही, काका, एवढी घाई कसली? गर्दी असेल, माणसं कमी असतील, ठीक आहे. एक प्रश्न हो, एकच!

नंतर बँकेनं नियम दाखवला. रिझर्व्ह बँकेचं तेव्हा २०१७ चं परिपत्रक होतं, ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकाचं नाही. पण आमच्या बाबतीत म्हणे ग्राहकानं स्वतः सही केली. निष्काळजीपणा. शर्ट बदलून, परवानगी मागून गोळी घेणारा माणूस निष्काळजी!

आणि तीन दिवस कुठले? बाबांनी आम्हाला अकराव्या दिवशी सांगितलं. लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला असता तर पैसे पुढच्या खात्यात थांबवता आले असते. ही रक्कम तासाभरात भाड्याच्या खात्यांतून फिरत जाते, दोन-चार हजारांसाठी खातं वापरायला देणारे भरपूर आहेत. अकराव्या दिवशी कुठल्याशा खात्यात एकोणीस हजार सापडले, बस्स. (त्या टोळ्यांतलीही कित्येक आपलीच पोरं, नोकरीच्या आमिषानं कंबोडिया-म्यानमारला नेऊन कोंडलेली. हे वाचल्यापासून धड शिव्याही घालता येत नाहीत.)

अकरा दिवस का लागले, तेही लिहिते. बाबांना भीती पोलिसांची नव्हती, आमची होती. आणि ती खरी निघाली. दादा म्हणाला, "एवढी दुनिया बघितलीत तुम्ही!" आणि मी, आज इथे मोठमोठं लिहिणारी, मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "बाबा, असं कसं केलंत तुम्ही?" ते खाली बघत राहिले. तो शर्ट त्यांनी पुन्हा घातलेला नाही.

असो. संध्याकाळी कार्डामागच्या नंबरवर फोन करून, वीस मिनिटं संगीत ऐकून खात्री केली. दुपारचा फोन बँकेचाच होता. असे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून करा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय. मग साधा मोबाईल नंबर का? तर म्हणे, "मॅडम, नोट करून घेतो."

बाबांना सांगितलं. म्हणाले, "त्या पोरीवर कशाला ओरडलीस? तिला टार्गेट असेल."

तेवढ्यात मेसेज आला. आमची सेवा कशी वाटली, खालच्या लिंकवर क्लिक करा. बँकांच्या वेबसाईटनी ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत डॉट बँक डॉट इनवर यायचं होतं, आणि ही लिंक म्हणजे कसलीतरी अर्धवट अक्षरं. फोन बाबांना दिला. त्यांनी चष्मा लावला, दिव्याखाली धरून नोट तपासावी तसा मेसेज दोनदा वाचला आणि फोन परत दिला.

"खोटा आहे."

मी काही बोलले नाही.