‘स्वस्त जीन्स ऑनलाइन घेऊच नका’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: स्वस्त जीन्स ऑनलाइन घेऊ नका, अंगावर नीट बसत नाही. घ्यायचीच असेल तर एक साइज कमी घ्या, कापड सैल होतंच. शिवाय काळी आणि उंच कंबरेची घ्या, ती सगळ्यांनाच शोभते.

‘स्वस्त म्हणजे बसणार नाही.’ जीन्स बसते ती बेतण्यामुळे, किमतीमुळे नव्हे. कमी किमतीत तडजोड होते ती चेन, दोरा, खिशाचं अस्तर यांत. एक मात्र मान्य: स्वस्त मालात एकाच साइजचे दोन नग तंतोतंत सारखे निघतीलच असं नाही. म्हणून तर मापं बघायची.

तीही लेबलवरची नाहीत. ३२ लिहिलेल्या जीन्सची कंबर ३२ इंच असेलच असं नाही. प्रत्येक कंपनीचं ३२ वेगळं. तुमच्याकडची सगळ्यात छान बसणारी जीन्स बटण लावून सपाट पसरा आणि टेप घ्या. कंबर आडवी मोजून दुप्पट करा. मग सीट, म्हणजे नितंबांवरचा भाग, मांडी, तळाची मोहरी, आतल्या शिवणीची लांबी, आणि राइज, म्हणजे पायांमधल्या शिवणीपासून कंबरपट्ट्याच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर. हे आकडे साइज चार्टशी ताडून पाहा. चार्ट कपड्याच्या मापांचा आहे की अंगाच्या, हे आधी वाचा. अर्धे घोटाळे इथेच होतात. स्ट्रेच कपड्याचं माप अंगापेक्षा कमी असू शकतं.

‘एक साइज कमी घ्या.’ कुठल्या कापडाची? निव्वळ सुती डेनिम वापरून सैलावतं, धुतल्यावर पुन्हा थोडं आवळतं. एक-दोन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असलेलं ताणलं की बऱ्यापैकी मूळ मापावर येतं. ते सैल होईल या आशेवर बसलात तर बसूनच राहाल. घट्ट जीन्समध्ये मांडीवर आडव्या सुरकुत्या पडतात आणि खिशांची तोंडं उघडी राहतात. शोभण्याच्या अगदी उलट! कापडाची टक्केवारी वर्णनात नसेल, तर मी ती जीन्स सोडून देते.

‘उंच कंबर सगळ्यांना शोभते.’ धड आखूड असेल तर तीच कंबर बरगड्यांना टेकते आणि बसल्यावर पोटात रुतते. टेलर कंबर आत घेईल, लांबी कमी करेल, पण राइज वाढवून देणं त्याच्याही हातात नसतं. म्हणून सीट आणि मांडीला बसेल ती घ्यावी, कंबर नंतर बघता येते. मात्र दुरुस्तीची मजुरी किमतीत आधीच धरा.

काळ्या रंगाबद्दल फारसा वाद नाही. गडद, एकसारखा रंग सुटसुटीत दिसतो, आणि मांडीवरचा फिकट पट्टा नजर तिथेच नेतो. पण मागचे खिसे जास्त बोलतात. फार छोटे किंवा एकमेकांपासून लांब असले की सीट आहे त्याहून रुंद दिसते. मागून काढलेला फोटो नसेल तर खरेदीदारांनी टाकलेले फोटो चाळा.

राहिलं परतीचं. जीन्स आली की टॅग न काढता घालून खुर्चीवर बसा, उकिडवं बसा, चार पायऱ्या चढा. मागे पट्ट्याला फट पडते का, तेही बघा. परत पाठवण्याचे पैसे आपल्याच खिशातून जाणार असतील, तर ते धरूनही ती स्वस्त उरते का, हे ऑर्डर देण्याआधी तपासा.