मॅग्नेशियमला पाणी देऊ नका

"मॅग्नेशियमचा कुठलाही पार्ट गॅस टॉर्चनं लालबुंद करा, लगेच पाण्यात बुडवा, पोलादासारखा टणक होईल. जितका जास्त वेळ तापवाल तितकी ताकद जास्त." महिनाभर हा मेसेज वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी सोडून दिलं होतं. परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाच्याच्या शेडवर गेलो, तर हातात पेटलेला टॉर्च, शेजारी काठोकाठ भरलेली बादली आणि चिमट्यात बाईकचं इंजिन कव्हर. "मामा, एकदा करून बघतो." माझं डोकंच फिरलं. "आधी टॉर्च बंद कर बे!"

लोहार विळ्याला पाणी देतो, ते पोलाद असतं. लाल झाल्यावर त्यातली अणूंची मांडणीच बदलते, आणि झटक्यात गार केलं की टणक रचना तयार होते. मॅग्नेशियममध्ये हा बदल होतच नाही. वितळेपर्यंत मांडणी तीच, षटकोनी. मग पाण्यात बुडवून टणक होणार काय? उलट मॅग्नेशियमच्या एझेड91 सारख्या मिश्रधातूत कणांच्या सीमेवर मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं संयुग साठलेलं असतं, आणि तिथला भाग 437 अंशांच्या आसपासच वितळू लागतो. धातू लाल दिसायला पाचशेच्या वर जावं लागतं. म्हणजे लाली दिसेपर्यंत पार्ट आतून सुटलेला असतो. आणि एखादी पातळ कड किंवा खालचा चुरा पेटला, तर पाण्यातून हायड्रोजन सुटून स्फोटासारखा भडका उडतो. ती भरलेली बादली भाच्याच्या पायाशी होती!

उष्णतेनं ताकद वाढते, एवढं खरं आहे, मान्य. पण कशी, ते बघा. एएसएम हँडबुक या धातूंच्या संदर्भग्रंथात वाळूच्या साच्यात ओतलेल्या एझेड91सी ची ताणताकद, म्हणजे तुटेपर्यंत पेलला जाणारा ताण, 165 मेगापास्कल दिली आहे. 413 अंशांवर 16 ते 24 तास ठेवलं की संयुग धातूत मुरतं आणि ताकद 275 वर जाते. त्यानंतर पाणी नाही, साधी हवा. पुढे 168 अंशांवर आणखी 16 तास ठेवलं की तेच संयुग बारीक होऊन धातूच्या कणांच्या आत उमटतं, आणि यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, 90 वरून 145 मेगापास्कल होतो. त्या बदल्यात ताणलं जाणं 15 टक्क्यांवरून 6 वर येतं. हे सगळं तापमान राखणाऱ्या भट्टीत, सल्फर डायऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून. टॉर्चवर नाही.

"जास्त वेळ, जास्त ताकद" हेही खोटं. हद्दीपलीकडे तापवलं की संयुगाचे ते बारीक कण जाड होतात आणि टणकपणा उतरतो.

"कुठलाही पार्ट" तर मुळीच नाही. एझेड31 या मॅग्नेशियमच्याच दुसऱ्या मिश्रधातूचा पत्रा या पद्धतीनं टणक होत नाही. प्रेशर डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू दाबानं साच्यात भरून केलेल्या पार्टात हवा अडकलेली असते, ती तापून फुगते आणि अंगावर फोड येतात.

भाच्याचं कव्हर डायकास्टच होतं, तेही तडा गेलेलं. त्याला म्हटलं, नवीन आण, पैसे मी देतो.