‘ओरडत नाही, म्हणजे सावरला’ : पीटीएसडीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगाच्या आघातानंतर जडणारा मनोविकार. त्याविषयी ‘पीटीएसडी हा लढाईवरून परतलेल्या सैनिकांचा आजार आहे, रुग्ण झोपेतून किंचाळत उठतो, असे काही घटनेनंतर लगेच दिसले नाही, तर माणूस सावरला असे समजावे आणि तो विषय पुन्हा काढू नये,’ असा मजकूर सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. त्यावर विसंबून घरातल्या आजारी माणसाकडे दुर्लक्ष होऊ शकते, म्हणून हे उत्तर.

सैनिकांबाबतचा समज कुठून आला हे समजण्यासारखे आहे, कारण १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेत या विकाराला स्थान मिळाले, त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांचे हाल होते. परंतु लैंगिक अत्याचार, भीषण अपघात, भूकंप, घरातील मारहाण यांनंतरही तो जडतो, आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते.

किंचाळण्याचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. दुःस्वप्ने आणि प्रसंग पुन्हा घडत असल्याचा भास हा लक्षणांच्या चार गटांपैकी केवळ एक गट आहे. सतत सावध राहणे, क्षुल्लक आवाजाने दचकणे, झोप न लागणे आणि एकाएकी भडकणे हा दुसरा गट निदान नजरेत तरी भरतो. उरलेले दोन मात्र मुकाट असतात. अपघाताचा रस्ता टाळण्यासाठी रोज लांबचा फेरा घेणारा, आपल्या माणसांतही परक्यासारखा बसणारा, घडल्या प्रकाराचा दोष स्वतःलाच देणारा, कशातच आनंद न वाटणारा माणूस ‘अबोल झाला’, ‘स्वभाव बदलला’ एवढ्यावर सोडून दिला जातो. लहान मुले तर बोलण्याऐवजी तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा मांडतात.

‘लगेच दिसले नाही’ हा निकषही टिकत नाही. सुरुवातीच्या दिवसांतली अस्वस्थता बहुतेकांची आपोआप ओसरते, म्हणूनच लक्षणे एक महिन्याहून अधिक टिकून दैनंदिन जीवन विस्कळीत करू लागल्याशिवाय हे निदान करत नाहीत. काहींच्या बाबतीत तर सर्व लक्षणे ६ महिन्यांनंतर किंवा त्याहूनही उशिरा पूर्णपणे प्रकट होतात.

राहिला विषय न काढण्याचा सल्ला. टाळणे हे या विकाराचे लक्षणच आहे आणि त्यामुळे तो लांबतो. आघातकेंद्रित मानसोपचारात प्रशिक्षित तज्ज्ञ रुग्णाला त्या आठवणींकडे सुरक्षितपणे, त्याला पेलेल अशा गतीने नेतो. घरच्यांनी तपशील खोदून विचारू नयेत. मात्र झोपेचा त्रास होतो का, कुठे जाणे नकोसे वाटते का, एवढे आपुलकीने विचारावे आणि उत्तर ‘हो’ असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावे.