उद्या माझा खाडा

"तू माथाडीची मुलगी वाटत नाहीस गं!" परवा ऑफिसात डबा खाताना एक मैत्रीण म्हणाली. कौतुकानं म्हणाली, त्यामुळे भांडताही येईना. मी हसून भाजी पुढे सरकवली. राग आला तो संध्याकाळी, वाशीला गाडीत बसल्यावर. माझा राग नेहमी असा उशिरानं येतो.

माझे वडील, आप्पा, माथाडी होते, म्हणजे बाजारात गोण्या वाहणारे हमाल. आणि वाटत नाही म्हणजे काय, तर माझे 'ण' आणि 'न' जागच्या जागी असतात. ते घरातून आलेले नाहीत. अकरावीत "पानी" म्हणाले तर अख्खा वर्ग हसला, त्या वर्षी घोकून घोकून पाठ केलेत. संस्कार मोजायचं आपलं माप एवढंच: जीभ कशी वळते आणि घरात पुस्तकांचं कपाट आहे का. आमच्या भिंतीवर माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो होता आणि शेजारी खिळ्याला आप्पांचा गोण्या ओढायचा हूक.

आम्ही पाटण तालुक्यातले. आप्पा आधी मस्जिद बंदरला होते, कांदा-बटाट्याचा बाजार हलला तसे वाशीला आले आणि पुढे कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीत घर झालं. हमालाला फंड, बोनस मिळाला तो १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २५ सप्टेंबरचा, अण्णासाहेबांच्या जयंतीचा माथाडी मेळावा तर आमच्या घरी सणच.

पण मला वाढवलं ते टोळीनं. टोळीनं मिळून गाडी खाली करायची आणि हजेरीप्रमाणे मजुरी सारखी वाटून घ्यायची. चार गोण्या जास्त उचलल्या म्हणून कुणाला चार पैसे जास्त नाहीत. हजेरीची वही आप्पांकडे असायची. टोळीतल्या एका तात्यांची कंबर गेली तेव्हा तरुण गडी कुरकुरायला लागले, ह्यांची पाठ आम्ही का वाहायची म्हणून. रविवारी आमच्याच घरी बैठक बसली. मी कोपऱ्यात भूगोलाचं पुस्तक उघडून सगळं ऐकत होते. आप्पा शेवटी एवढंच म्हणाले, "त्यो आज पडला. तू कवा पडशील, सांग, तसं वहीत लिवून ठेवतो." तात्या पुढे खडू घेऊन गोण्या मोजायला बसले. वाटणी सारखीच. आज ऑफिसात अप्रेझलच्या दिवसांत मला हटकून तात्या आठवतात.

आता इथंच थांबले तर पोस्टला बदाम भरपूर पडतील. पण खरं सांगायचं तर त्या वहीत आईचं नाव कधीच नव्हतं. गावाकडून आलेली पोरं काम लागेपर्यंत आमच्याकडेच राहायची, कधी दोन, कधी पाच. वसाहतभर आप्पांचं नाव, "त्यांच्या दारातनं कोण उपाशी जात नाही." भाकरी कोण थापत होतं? आई पहाटे पाण्याला उठायची आणि रात्री सगळ्यात शेवटी, खरवडलेल्या पातेल्यात जेवायची. ताईचं शिक्षण बारावीला थांबलं, माझं थांबलं नाही ते मी धाकटी म्हणून. तात्यांसाठी अख्ख्या टोळीशी भांडणारा माणूस ताईसाठी अर्धा तास बसला नाही. हेही आमचेच संस्कार, आणि ते लपवून नुसता हूक मिरवणं मला जमत नाही.

एकदा मात्र आईनं रात्री भांडी पालथी घालता घालता जाहीर केलं, "उद्या माझा खाडा हाय." आप्पांना वाटलं गंमत. सकाळी ती खरंच घणसोलीला मावशीकडे निघून गेली. घरात आम्ही दोघी बहिणी, आप्पा आणि गावची चार पोरं. ताई उठायला लागली तर मी तिचा हात धरून ठेवला. आप्पांनी पिठलं केलं. त्याच्या गुठळ्या लिंबाएवढ्या होत्या, आणि ते सगळ्यांना सारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आई परत आली आणि सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. फक्त गावची पोरं त्यानंतर आपली ताटं आपण धुवायला लागली. आप्पा नाही.