‘भीतीचा बाजार’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

परदेशात पैसे कसे सांभाळावेत या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. एरवी मी दोन ओळींत आभार मानून मोकळा होतो, पण तुमचं एक वाक्य जिव्हारी लागलं. तुम्ही लिहिलंय: “दोन कार्डं, वेगळी ठेवलेली रोख, कागदावर लिहिलेले नंबर, हा सगळा भीतीचा बाजार आहे. आता फोन असला की पुरतं. तुमच्यासारखे लोक नवख्यांना उगाच घाबरवतात.”

मतभेद असू देत. पण बाजार म्हटलं की विकणारा आला, आणि तो मी, असाच याचा अर्थ होतो. त्या लेखात मी एकाही कार्डाचं, विमा कंपनीचं किंवा ॲपचं नाव घेतलेलं नाही. कुणाकडून एक पैसा घेतलेला नाही. असा आरोप करण्याआधी लेख निदान शेवटपर्यंत वाचायचा होता. आणि ‘तुमच्यासारखे लोक’ म्हणजे नेमके कोण? आपली ओळखदेखील नाही. घरी येऊन तुम्ही माझ्याशी या भाषेत बोलला असता का?

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे. फोनने पैसे दिले की दुकानदाराकडे कार्डाचा मूळ नंबर जात नाही, त्या फोनपुरता तयार केलेला वेगळा नंबर जातो. त्यामुळे कार्डाची माहिती चोरीला जाण्याचा धोका कमी होतो. लेखात याचा उल्लेख नव्हता, तो करतो.

पण म्हणून ‘फोन असला की पुरतं’? फोनमागे शेवटी तुमचं कार्डच असतं. कार्डामागे एक बँक असते, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं बँकांमध्ये व्यवहार पोचवणारं एक नेटवर्क असतं, आणि दुकानातल्या मशीनला वीज नि इंटरनेट लागतं. यातलं एक जरी बंद पडलं, तरी चार्ज केलेला फोन हातात धरून उभं राहावं लागतं. १ जून २०१८ ला युरोपात व्हिसाची कार्डं कित्येक तास धड चालत नव्हती. कारण काय, तर एका डेटा सेंटरमधला बिघडलेला स्विच, म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारं यंत्र. सुमारे ५२ लाख व्यवहार फसले. त्याच वेळी मास्टरकार्ड चालू होतं. दुसरं कार्ड दुसऱ्या नेटवर्कचं असावं असं मी लिहितो ते यासाठी. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांनीही रशियातलं काम थांबवलं, आणि बाहेरच्या देशांतल्या बँकांची त्यांची कार्डं तिथे चालेनाशी झाली. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा कार्डाच्या मशीनही बंद पडल्या आणि खिशात सुटे पैसे असणाऱ्यांनाच पाण्याची बाटली घेता आली. या तिन्ही वेळी सामान्य प्रवाशाची काय चूक होती, हे तुम्हीच सांगा. यात मी कुणाला घाबरवतोय?

मी हे अनुभवातून लिहितो. एका परक्या शहरात शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यालगतच्या एटीएमने माझं कार्ड गिळलं. पिन टाकला, स्क्रीन काळी झाली, मग पुन्हा स्वागताचा संदेश आला, आणि कार्ड आतच. ती मशीन ज्या बँकेची, तिची शाखा सोमवारपर्यंत बंद. तेच कार्ड फोनमध्येही होतं. पण गिळलेलं कार्ड कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही म्हणून मी ते ब्लॉक केलं, आणि फोनमधलंही बंद झालं. ते दोन दिवस निघाले ते मुक्कामी बॅगेत ठेवलेल्या दुसऱ्या बँकेच्या कार्डावर आणि थोड्या रोख रकमेवर. तेव्हापासून मी शाखेच्या आतलं एटीएम वापरतो, तेही कामाच्या वेळेत, म्हणजे कार्ड अडकलं तर काचेपलीकडे माणूस असतो. तुम्ही याला भीती म्हणता. तुमच्यावर ही वेळ आली नसेल तर चांगलंच आहे, पण ज्याच्यावर आली त्याला शहाणपण शिकवू नका.

रोख म्हणजे नोटांची थप्पी कमरेला बांधून फिरा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. एक-दोन दिवसांचं जेवण, मुक्काम आणि गाडीभाडं निघेल एवढी रक्कम, पाकिटापासून वेगळी. बस्स.

तुमचा दुसरा मुद्दा: कुठल्या चलनात पैसे द्यायचे असं मशीन विचारते तेव्हा स्वतःच्या देशाच्या चलनात रक्कम दिसली की हिशेब सोपा जातो, म्हणून तोच पर्याय निवडावा. हिशेब सोपा जातो, पण महाग पडतो. त्या पर्यायात चलन बदलण्याचा दर तुमची बँक ठरवत नाही. दुकानाच्या किंवा एटीएमच्या बाजूची कंपनी ठरवते आणि आपला नफा त्यातच घालते. स्थानिक चलन निवडा. काउंटरवरच्या माणसाने न विचारता दुसरं बटण दाबलं, तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. निवड करण्याचा हक्क कार्डधारकाचा असतो.

विमानतळावरचं चलन आणि डेबिट कार्डावर हॉटेलने अडवून ठेवलेली रक्कम, यांविषयी तुम्ही जे विचारलंय ते सगळं लेखात आहे. पुन्हा लिहीत बसत नाही.

यापुढे मुद्द्यावर लिहिलंत तर कितीही कडक प्रतिक्रिया प्रसिद्ध करेन. माझ्या हेतूवर लिहिलंत तर नाही.