विजयाच्या तेलाचे चार थेंब आणि गर्भारपण

‘गांजासारखं द्रव्य आपलं शरीरच तयार करतं, म्हणजे ते निर्धोक. गरोदर बाईने विजयाच्या तेलाचे चार थेंब जिभेखाली घ्यावेत. उलट्या थांबतात, गर्भ टिकतो, नशाही होत नाही.’ दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर विजयाच्या, म्हणजे भांगेच्या तेलाचा हा मेसेज फिरतोय. खाली जोडलेले हात आणि ‘सगळ्या लेकीसुनांना पाठवा’.

यातली पहिली अर्धी ओळ खरी आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं. शरीर आनंदामाइड नावाचं द्रव्य बनवतं, 1992 साली ते सापडलं. गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी पेशींवरच्या ज्या रिसेप्टरना (संदेश घेणाऱ्या जागांना) चिकटतो त्यांनाच तेही चिकटतं आणि हे रिसेप्टर गर्भाशयात व वारेतही असतात. पण ‘शरीरात आहे’ म्हणजे ‘कितीही चालेल’, हे कुठून आलं? उंदरांच्या गर्भाशयात गर्भ जिथे रुजतो नेमकं तिथे आनंदामाइडचं प्रमाण कमी असतं, दोन गर्भांमधल्या मोकळ्या जागेत जास्त. ते मोडून काढायला वेगळं एन्झाइम आहे. गर्भपात झालेल्या बायकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत ते एन्झाइम कमी असल्याचं 2000 साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं. उंदरांत हे रिसेप्टर बंद पाडले तर भ्रूण बीजवाहक नळीतच अडकतो, आणि जास्त चेतवले तरीही अडकतो. भाताला पाणी लागतं म्हणून कोणी तरवा बुडवून ठेवत नाही. ‘गर्भ टिकतो’ या दाव्याचं उत्तर इथेच मिळतं.

उंदीर म्हणजे बाई नव्हे, कबूल. मग बायकांचंच बघू. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेतला एक अभ्यास आला, पहिलटकरणी 9 हजारांहून जास्त. कोण काय सांगते यावर न विसंबता लघवी तपासली. गांजाचा अंश सापडलेल्यांपैकी 25.9 टक्के जणींना काही ना काही गुंतागुंत झाली, म्हणजे वाढ खुंटलेलं बाळ, रक्तदाबाचे विकार, मृत जन्म किंवा डॉक्टरांना वेळेआधी करावी लागलेली प्रसूती. बाकीच्यांत हे प्रमाण 17.4 टक्के. तंबाखूचा परिणाम वजा करूनही फरक उरला. (आपल्याकडे मशेरी लावणाऱ्यांनी तेही मनावर घ्यावं.)

‘नशा होत नाही’ म्हणे. विजया म्हणजे भांगच, आणि पानांच्या अर्कात टीएचसी असू शकतो. तो चरबीत विरघळतो, वार ओलांडतो, अंगावरच्या दुधातही उतरतो. निव्वळ सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक असला तरी गरोदरपणात घेऊ नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्येच बजावलंय.

‘भांगेवर बंदी नाही,’ असंही कोणी म्हणेल. 1985 च्या कायद्यात गांजाच्या व्याख्येतून बिया आणि शेंड्यांविना असलेली नुसती पानं वगळली आहेत, एवढंच; त्याने भांग निर्धोक ठरत नाही. आणि ‘आपल्याकडे शिमग्याला पूर्वापार चालते’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, कोणत्या सासूने पोटुशी सुनेच्या हातात भांगेचा पेला दिला?

उलट्या मात्र खऱ्या आणि हैराण करणाऱ्या, त्यांना हसण्यावारी नेऊ नये. डॉक्सिलामाइन आणि बी-6 ची गोळी डॉक्टर बिनदिक्कत लिहून देतात, आमसुलाचं सार रुचलं तर घ्यावं. पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर दवाखाना गाठायचा, लागलं तर सलाइन लावतात. दिवस गेल्याचं कळण्याआधी शिमग्याला कोणी भांगेची थंडाई प्यायली असेल तर तिने घाबरून रडत बसू नये. पुढे घ्यायची नाही आणि डॉक्टरांना सांगून टाकायचं. घरच्यांनीही तिच्या मागे भुणभुण लावू नये.